कोपराखाली चार बोटं

बाबा, बाथरूममधला बेसिनचा ओटा मी फोडला. तुम्ही बांधलेला. तुम्ही रंग दिला तो लोकांच्या घरांना, आपल्या घरात तुमच्या हातचं बांधकाम म्हणावं असं एवढंच होतं. कडाप्पा उचलताना तो मधोमध तडकला आणि दोन तुकडे होऊन माझ्या पायाशी पडला. तेव्हा मी रडले नाही, कारण वेळ नव्हता. रविवारी आई अकोल्याहून यायची होती आणि बुधवार उजाडला होता. आता ती आली आहे. आतल्या खोलीत कमरेला पट्टा बांधून निजली आहे. दुपारचे तीन वाजलेत, कूलर घरघरतो आहे, आणि मी नव्या ओट्यासमोर बादली पालथी घालून तिच्यावर बसले आहे. मांडीवर प्रॅक्टिकलची जुनी वही आहे, तिच्या मागच्या पानांवर हे लिहिते आहे. उद्या सकाळी हा नवा ओटाही फोडायचा आहे. तो किती उंच करायचा, हे विचारावं असं मला तुमच्याशिवाय कोणी नाही.

तुम्ही गेलात त्याला पंधरा वर्षं झाली. कावीळ झाली आणि आठ दिवसांत तुम्ही नव्हतात. मी बारा वर्षांची होते. त्यापुढचं तुम्हाला काही ठाऊक नाही, म्हणून थोडक्यात सांगते. आई मुलींच्या एका मेसमध्ये पोळ्या लाटायला जायला लागली आणि मी शिकले. आपल्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.एस्सी. झाले, एम.एस्सी. झाले, आणि आता एका कॉलेजात तासिकांवर भौतिकशास्त्र शिकवते. पहिल्या दिवशी फळ्यावर आकृती काढून वळले तर तळहात पांढरे झालेले, आणि मला चुन्यानं फुटलेले तुमचे तळवे आठवले. घर तेच आहे, अमरावतीचं, दोन खोल्यांचं. पाणीही तसंच येतं. स्वयंपाकघरातल्या नळाला धार नाही, बाथरूममधल्या बेसिनला आहे. म्हणून भांडी घासणं, डाळ-तांदूळ धुणं, कपडे खळबळणं, सगळं आईनं त्या बेसिनवरच केलं. जमिनीपासून पंचवीस इंचांवर. फोडायच्या आधी मी टेप लावला आणि आकडा वाचून पुन्हा एकदा लावला.

गेल्या वर्षापासून तिचा डावा पाय बधिर व्हायला लागला होता. मला सांगितलं नाही. मेसमध्ये एक दिवस उठताच येईना तेव्हा कळलं. मामा अकोल्याला आहेत, तिथं दवाखान्यात कोणी ना कोणी बसेल म्हणून ऑपरेशन अकोल्याला केलं. मणक्यांत स्क्रू घातले आहेत. भरती केली त्या दिवशी माझ्याहून लहान दिसणारी एक डॉक्टर कागद भरत होती. तिनं विचारलं, "काकू, काम काय करता?" आई म्हणाली, "काई नाई, घरचंच." "वाकून?" "वाकून नाई तं काय झोपून करतं का मानूस?" डॉक्टर हसली. "कुठं वाकता जास्त?" आईनं जरा विचार केला आणि म्हणाली, "बेसिनपाशी. वीस वर्सं झाले." मी फाइल घेऊन शेजारी उभी होते. आईनं माझ्याकडे पाहिलंही नाही. ती तक्रार करत नव्हती, विचारलं म्हणून सांगत होती. मी मात्र बाहेरच्या बाकावर जाऊन बसले, कारण बाबा, वीस वर्षांपूर्वीचा तो दिवस मला लख्ख आठवतो. माझ्या लहानपणातला सगळ्यात चांगला दिवस म्हणून मी तो जपून ठेवला होता.

मी सात वर्षांची आहे. बडनेऱ्याचे काका, तुमचे गवंडी जोडीदार, विटा घेऊन आलेत. कडाप्पा कोणाच्या तरी स्वयंपाकघरातून उरलेला आहे. मला तुमची रीत तोंडपाठ आहे, कारण सुट्टीत तुमच्यासोबत मी किती घरांतून हिंडले आहे. रंगकामाला गेलात आणि कोणी छोटंमोठं बांधकाम सांगितलं, की तुम्ही टेप खिशातून काढतच नसा. आधी घरातल्या बाईला बोलवायचात. "वहिनी, जरा हात कोपरात दुमडा." मग तिच्या कोपराच्या शेजारी, अंग न लागू देता, भिंतीवर चार आडवी बोटं ठेवायची आणि त्याखाली पेन्सिलीची रेघ. चार बोटं खाली असलं की पाठ वाकत नाही आणि पाणी हातावरून कोपराकडे येत नाही. "ज्याचं काम त्याचं कोपर," तुम्ही म्हणायचात. "टेपाले मानूस दिसत नाई." त्या दिवशी तुम्ही आईला नाही, मला बोलावलं. मी हात दुमडून अशी ताठ उभी राहिले की जणू माझा फोटो निघतो आहे. तुमची चार बोटं, आणि रेघ. आई पिठाच्या हातानं दारात आली. "अवो, अन् मी कुठी वाकू आता?" तुम्ही म्हणालात, "तू वाकशीन वं. हे चवड्यावर उभी राहून हात धुते, घसरून पडली म्हंजे? चार-पाच वर्साचं तं काम हाय. पोरगी मोठी झाली का उंच करून देतो." काका मध्येच म्हणाले, "वयनी, तवरिक तुमी पोरीकूनच भांडे घासून घ्या ना." सगळे हसले. आई रेघेकडे बघून म्हणाली, "बेस झालं."

मी ती गोष्ट मैत्रिणींना सांगत आले, बाबा. माझ्या वडिलांनी माझ्या मापाचं बेसिन बांधलं होतं, असं. कॉलेजच्या स्टाफरूममध्येही एकदा सांगितली, तेव्हा सगळे गप्प होऊन ऐकत होते. मी मोठी झाले. चार वर्षं गेली, पाचवं लागलं आणि तुम्ही गेलात. त्यानंतर ओटा उंच करायचं कोणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही. मी दरवर्षी मुलांना तरफ शिकवते. फळ्यावर वाकलेल्या माणसाची आकृती काढते, कंबर हा टेकू, धड हे ओझं, आणि वाकल्यावर पाठीच्या स्नायूंना किती जोर लावावा लागतो ते गणित करून दाखवते. मुलं आ वासतात. तो तास माझा आवडता आहे. त्याची तयारी मी घरी, बाथरूमच्या दारासमोरच्या टेबलावर बसून करायची. आतून भांड्यांचा आवाज यायचा. मी एकदाही मान वळवून पाहिलं नाही. शिकून मोठी झाले की गावोगावच्या बायांच्या कष्टांवर काही करायचं, असं मी डायरीत लिहिलेलं आहे. आजही ते पान आहे.

ऑपरेशन झाल्यावर दवाखान्यातून तिला मामांकडे नेलं. मी शनिवार-रविवार जायची. मामी मनानं चांगल्या आहेत, आईला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून स्वतः तोंड धुऊन द्यायच्या, अंग पुसून द्यायच्या. आईला ते सोसेना. तिनं पाणी पिणं कमी केलं. मग जेवण कमी केलं, म्हणजे उठवावं लागू नये. महिन्याभरात तिचे गाल आत गेले. डॉक्टर म्हणाले, जखम भरली आहे, आता चालवा, उभं करा, खाऊ घाला, फक्त कमरेतून वाकू देऊ नका. आई भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. मी विनवण्या केल्या, रागावले, पाया पडले. शेवटी एका रविवारी तिनं भिंतीकडे बघतच सांगितलं, "मले उभं राहून माया हातानं तोंड धुता आलं पाह्यजे. तेवढं होत असन तं घरी ने. नसन होत तं नोको नेऊ. मंग इथंच बरी." 'इथंच बरी' म्हणजे काय ते मामांनाही कळलं. ते बाहेर जाऊन उभे राहिले. मी बसमध्ये बसले आणि मूर्तिजापूर येईपर्यंत मनात एकच चाललं होतं, ओटा उंच करायचा. ते माझ्या हातात होतं. बाकी काहीच नव्हतं.

काकांना फोन केला. त्यांची दृष्टी कमी झाली आहे आणि ते आता काम घेत नाहीत, पण तुमचं नाव काढल्यावर बुधवारी पहिल्या गाडीनं आले. कडाप्पा तडकला तेव्हा म्हणाले, "तडकू दे. जुना कडाप्पा म्हंजे पापड." मी विटा भिजवून देत होते, सिमेंट कालवत होते. ते म्हणाले, "अवं, तू मास्तरीन ना? तुया बाप पाहीन तं मले वरून शिव्या देईन." मग भिंतीपाशी हात लावून उभे राहिले आणि विचारलं, "हं, कोनाचं कोपर?" मी माझा हात दुमडून पुढं केला. काका म्हणाले, "आईचं पाह्यजे ना बाई. तिचं काम हाय." मी म्हटलं, "आमची उंची सारखीच आहे, काका." "होती," ते म्हणाले. मी म्हटलं, "पाठ सरळ झाली की पुन्हा होईल. आज ती वाकलेली आहे म्हणून वाकलेलं माप घ्यायचं का? मी ती सरळ होणार हे धरून चालले आहे." मी हे मोठ्या आवाजात म्हटलं, वर्गात म्हणते तसं. काकांनी आपली चार बोटं माझ्या कोपराखाली ठेवली. दोन्ही बाजूंच्या भिंतींना विटांचे तीन-तीन थर चढले, खालच्या कपाटाची जुनी दारं तेवढी ठेवली. कडाप्प्याच्या जागी ग्रॅनाइटचा तुकडा बसला, त्यावर बेसिन, खाली पाइपला जोड. जाताना काका म्हणाले, "मजबूत झालं. बाकी तू जान."

रंग मी दिला. तो मला देता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे, कारण तो तुम्हीच मला येऊ दिला नाही. दहा वर्षांची असताना तुम्ही बाहेर गेलेले बघून मी तुमचा ब्रश घेऊन बेसिनखालच्या कपाटाचं डावं दार रंगवलं होतं. तुम्ही आलात, पाहिलंत, आणि आवाजसुद्धा चढवला नाहीत. ब्रश घासलेटमध्ये धुतलात, मग माझी बोटं एकेक करून घासलेटच्या चिंधीनं पुसलीत. नखांच्या कडा जळजळत होत्या. "या हातानं पेन धर," म्हणालात. "रंग माया हाताले लागला तेवढा पुरे." आणि दिवसभर माझ्याशी बोलला नाहीत. मी पुन्हा ब्रशला हात लावला नाही. पेन धरला. आता सत्ताविसाव्या वर्षी मी इंटरनेटवर बघत बघत पॉलिश पेपरनं तुमची दारं घासत होते आणि खालून लोकांची घरं निघत होती. आपल्या घराला नवा डबा कधी आलाच नाही ना, उरलेल्या रंगांवरच सगळं चाललं. वर मास्तरांच्या घराचा बदामी, त्याखाली कॅम्पातल्या वकिलांचा आकाशी, त्याच्या खाली कुठल्या तरी देवळाचा भगवा. डाव्या दाराच्या आतल्या बाजूला मात्र माझे फराटे तसेच होते, ब्रशचे दोन केस अडकलेले. तुम्ही त्यावर रंग चढवला नव्हता. मी ती बाजू घासली नाही.

मी नवा डबा आणला, मोतिया. झाकण उघडायला मला अर्धा तास लागला. प्रायमर लावला, वाळू दिला, आणि शुक्रवारी भर दुपारी वरचा हात दिला. उकाडा इतका होता की घाम पापण्यांवरून डब्यात पडेल असं वाटलं, म्हणून मी कूलर ओढून बाथरूमच्या दाराशी लावला. तुम्ही लोकांच्या घरी रंग देताना पहिलं काम कोणतं करायचात, ते मी विसरले. "कूलर बंद करा," असं म्हणायचात आणि घरातली माणसं कुरकुरायची. ओल्या हवेनं ऑइल पेंटची चमक मरते, हे मला रंग मेल्यावर आठवलं. संध्याकाळपर्यंत दारांवर पांढुरके ढग आले होते, आणि बोट लावलं तर ठसा उठत होता. शनिवारी कूलर बंद ठेवून, सकाळी दहाच्या आत, पुन्हा घासलं आणि पुन्हा लावलं. तेव्हा कुठं जमलं. खोटं कशाला सांगू, नळाजवळची कड अजून चिकट आहे. पण तो मोतिया रंग, तो काळा ग्रॅनाइट, नवा नळ, मी बाथरूमच्या दारात उभी राहून बघत बसले. मला वाटलं, आता ती जेवेल.

मामांनी शेजाऱ्यांची गाडी मागून घेतली. आईला मागच्या सीटवर आडवं केलं आणि मी पाय ठेवायच्या जागेत बसून तिची कंबर धरली. प्रत्येक गतिरोधकाला ती माझा दंड दाबायची आणि सोडायची. घरी आल्यावर तिनं पाणी मागितलं नाही, चहा मागितला नाही. म्हणाली, "चाल, दाखो." वॉकर सरकवत ती बाथरूमपर्यंत गेली आणि रंगवलेल्या दारांवरून बोट फिरवलं. "कोरा डबा आनला?" मी म्हटलं, हो. "पाह्य बाप्पा," ती म्हणाली, आणि मामांना म्हणाली, "बापानं सारा जन्म उरलासुरला फासला, लेकीनं कोरा डबा फोडला." मग नळ सोडून तिनं दोन्ही हातांची ओंजळ केली, उभं राहून, आपल्या हातानं तोंड धुतलं. मामा रडले. मीही रडले. आई टॉवेलनं तोंड पुसत म्हणाली, "बेस झालं." वीस वर्षांपूर्वी त्या रेघेकडे बघूनही ती हेच म्हणाली होती, पण मी ते बाजूला सारलं. त्या दिवशी ती दीड पोळी जेवली.

नऊ दिवस मी खूश होते. कॉलेजात सगळ्यांना सांगत होते. सकाळी मी निघायच्या आधी ती अंघोळीचं नाव काढत नसे, "तू जाय, मंग करतो सावकाश," म्हणायची. घरी आले की दोरीवर तिचे ब्लाउज वाळत असायचे, दिवसाला दोन, कधी तीन. मी म्हटलं, एवढे कशाला बदलतेस, तर म्हणाली, "घाम नाई का येत, हवा पाह्य कशी हाय." आणखी एक गोष्ट होती. ती पुन्हा कमी जेवायला लागली होती. मी विचारलं की "पोट भरलं" म्हणायची.

काल माझा पहिला तास रद्द झाला आणि मी अर्ध्या वाटेतून परत आले. बाथरूमचं दार लोटलेलं होतं. आई बेसिनसमोर उभी होती. खांद्यापर्यंत उचललेले दोन्ही हात, आणि दोन्ही कोपरांच्या वर जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळून गाठ मारलेली. पाणी ओंजळीतून मनगटावर, मनगटावरून कोपराकडे येत होतं आणि त्या चिंध्या ते पीत होत्या. ग्रॅनाइटची कड तिच्या कोपराच्याही वर होती, बाबा. तीन बोटं वर. हात तेवढे उचलून धरताना तिची पाठ मागं ताणली जात होती आणि तिचे ओठ पांढरे पडले होते. मी दारातच उभी होते. तिनं आरशात मला पाहिलं. नळ बंद केला. "आली का? काहून वं, कॉलेज नाई आज?" मी चिंध्यांकडे बघत होते. ती म्हणाली, "पानी हाय. वाळन." मग माझा चेहरा बघून हसायला लागली, पट्टा धरून धरून हसली. "तुया बापानं मले वीस वर्सं वाकोलं. तू हात वर कराले लावले, पोलिसानं धरल्यावानी. बापलेकीनं ठरोलं का काय? आता एखांद्यानं मले सरळ उभं करा म्हना."

मी तिच्या कोपरांच्या गाठी सोडल्या. ओल्या गाठी, लवकर सुटेनात. म्हटलं, "सांगितलं का नाहीस?" ती म्हणाली, "कोरा डबा आनला होता तू." एवढंच. पुढं माझ्या हातून चिंधी घेत म्हणाली, "तुया बापालेई नव्हतं सांगतलं."

काकांना फोन केला. ते म्हणाले, "उद्या नाई, परवा सकाळी येतो. यावक्ती ज्याचं कोपर त्याले उभं करून ठेव." परवा म्हणजे उद्या. आता सांगा, बाबा, किती थर काढू? तिच्या आजच्या कोपराचं माप घेतलं तर एक थर काढून भागत नाही, दोन काढावे लागतात. म्हणजे तुमच्या ओट्याहून फक्त वीटभर उंच. डॉक्टर म्हणाले, सहा महिन्यांत ती थोडी सरळ होईल, किंवा होणारही नाही, आणखी वाकेल असंही होतं. भिंतीवर तिच्या कोपराखाली रेघ मारली की ती एवढीच राहिली, असं मीच लिहून दिल्यासारखं होईल. माझा हात उठत नाही. ती सरळ होईल म्हणून थांबले, तर ती न जेवता, चिंध्या बांधून उभी राहील आणि मला सांगणार नाही. मी आज सकाळपासून तीनदा टेप घेऊन तिच्या खाटेपाशी गेले आणि तीनदा परत आले. तिसऱ्यांदा तिनं डोळे न उघडता विचारलं, "माप घेतं का?" मी म्हटलं, उद्या. "आजचं घेजो," ती म्हणाली. "सा महिन्याचं नोको. सा महिन्यानं पुन्हा फोडू. काका हाय, तू हाय, इटा काय सोन्याच्या हाय का, महाग पडाले." आणि कूस न बदलता, बदलता येत नाहीच तिला, पुन्हा निजली. तिचा हात खाटेवरून खाली आला आहे, कोपरात दुमडलेला. इथून दिसतो आहे.

उद्या मी तिला उभं करीन. चार बोटं तिची घेईन की माझी, तेही तिलाच विचारीन. हे पत्र घरात ठेवता येणार नाही, कारण आई चौथी शिकली आहे आणि अक्षर लावून लावून सगळं वाचते, किराण्याच्या पुडीचा कागदसुद्धा. ही पानं मी फाडीन, किंवा वही कॉलेजच्या कपाटात ठेवीन.

फक्त एक राहिलं. ती सरळ होणार हे धरून मी माझं माप दिलं, असं मी काकांना सांगितलं, मामांना सांगितलं, काल आईलाही सांगितलं. आईनं मान हलवली. पण त्या बुधवारी काकांनी "कोनाचं कोपर" विचारलं, तेव्हा माझ्या मनात ती सरळ उभी राहिलेली नव्हतीच. भिंतीकडे तोंड करून पडलेली होती. मला वाटलं होतं, या बेसिनवर आता मी एकटीच तोंड धुणार आहे. म्हणून मी माझा हात पुढं केला, बाबा.